कुलूपवालीची नात

३ मार्च, सोमवार

आजी गेली. सकाळी सव्वासातला. मी चहा गाळत होते, तेवढ्यात खोकला थांबला. बरं वाटलं, थांबला एकदाचा. कप घेऊन आत गेले तर —

अंत्यविधीला आम्ही चौघं. मी, मामा, मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, आणि जुन्या शर्टांच्या कारखान्याचा म्हातारा पहारेकरी. तो का आला, कळलं नाही. काठी टेकून उभा राहिला आणि निघून गेला. गल्लीतलं कुणीही नाही. समोरच्या खिडकीचा पडदा हलला, तेवढंच.

४ मार्च, मंगळवार

तिची खोकल्याच्या औषधाची बाटली फेकून दिली. मग कचऱ्यातून परत काढली.

६ मार्च, गुरुवार

लिहून काढते. नाहीतर हळूहळू विसरेन. मामा म्हणाला, "त्यात लिहायचंय काय? सगळ्यांना पाठ आहे." सगळ्यांना तिची एकच गोष्ट पाठ आहे. तीच आधी लिहून मोकळी होते.

एकतीस वर्षांपूर्वी शर्टांच्या कारखान्याला आग लागली. वरच्या मजल्यावर काजं-बटणांचं काम चालायचं. अकरा बायका होत्या. मागच्या दाराला कुलूप — माल चोरीला जातो म्हणून मालकाचा हुकूम. पुढचा जिना आधी पेटला. अकराही गेल्या. त्यांतली एक माझी आई. आजीची एकुलती लेक, मामाची धाकटी बहीण.

त्या मजल्याची मुकादम आजी होती. चावी तिच्याकडे असायची. चौकशीत तिने स्वतःच सांगितलं — कुलूप मी लावलं, चावी कमरेला खोचली आणि नातीचं औषध आणायला बाहेर गेले. नात म्हणजे मी. दीड वर्षाची, तापाने फणफणलेली.

मालकाने हात झटकले. हुकूम तोंडी होता, कागद होता कुठे? आजीला दोन वर्षांची शिक्षा झाली. बापाने तोवर दुसरा संसार थाटला होता. मला मामाने नेलं.

तेव्हापासून ती कुलूपवाली. आणि मी कुलूपवालीची नात.

९ मार्च, रविवार

ती सुटून आली तेव्हा मी चार वर्षांची होते. मामीच्या मागे लपले. आजीने हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. मामाच्या दारात पायरीवर येऊन बसायची आणि संध्याकाळी जायची. तिसऱ्या दिवशी मीच गेले. "तू कोण?"

"तुझी आजी. घाई नाही. उद्या ठरव हवं तर."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर या खोलीत आले. तेव्हापासून आजतागायत इथेच.

कारखान्यात तिला कोण घेणार? घरीच उसवायचं-शिवायचं काम घेऊ लागली. चेन बदलायची, कॉलर उलटी करायची, पँट आखूड करायची. गिऱ्हाइकं लांबच्या वस्तीतली, तिला न ओळखणारी. कुणाला कळलं की ते अर्धवट काम तसंच उचलून न्यायचे. एक बाई तर एका बाहीचा कोट घेऊन तरातरा निघून गेल्या. आजी बघत राहिली. मग म्हणाली, "थंडी अर्धीच वाजेल त्यांना." आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिला वाचता येत नव्हतं. मापाचे आकडे तेवढे यायचे. पण माझा अभ्यास तीच घ्यायची. धडा वाचून झाला की, "आता मला सांग." सांगितला की, "नाही कळलं. परत सांग." तिसऱ्यांदा सांगताना मलाच कळलेला असायचा. मग ती मान डोलवायची, "हां, आता आलं डोक्यात." कितीतरी वर्षं मला वाटायचं, आजी जरा मठ्ठच आहे.

१० मार्च, सोमवार

दुकानात गेले. एका आजोबांचे डोळे तपासताना माझेच भरून आले. मालक म्हणाले, "घरी जा." घरी जाऊन करू काय?

१३ मार्च, गुरुवार

हेही लिहायला हवं. नुसतं गोड-गोड लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

दहा वर्षांची असताना वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुझ्या आजीनेच तुझ्या आईला मारलं." घरी येऊन दप्तरही न काढता विचारलं, "चावी तुझ्याकडे होती?"

मशीन थांबलं. "होती."

"मग उघडलं का नाहीस?"

"वेळेवर पोचले नाही."

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती ताट वाढायची, मी जेवायचे. तिने एकदाही समजूत काढली नाही.

सोळाव्या वर्षी त्याहून वाईट बोलले. कसल्या तरी भांडणात. "आईऐवजी तू मेली असतीस तर बरं झालं असतं." ती पँटची घडी घालत होती. घडी पुरी केली. "मलाही रोज तेच वाटतं," म्हणाली. मग, "जेवून घे, गार होतंय."

त्याची माफी मी कधी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहून गेलं.

१७ मार्च, सोमवार

शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांची थोरली बहीण त्या अकरांतली. कारखान्याच्या जागेवर फलक लावणार आहेत, अकरा नावांचा. येत्या रविवारी, तेवीस तारखेला. आग लागली तीच तारीख.

"तुझ्या आईचं नाव आहे त्यावर. तू ये. दोन शब्द बोल," म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. "फक्त आजीचं नाव काढू नकोस."

"तिनेच वाढवलं मला."

"माहीत आहे. माझ्या बहिणीलाही कुणीतरी वाढवलंच होतं."

त्या गेल्या. मी ठरवलं. बोलेन तर आजीबद्दलच.

२० मार्च, गुरुवार

भाषणाची चार पानं झाली. मालकाचा हुकूम, कोटाची बाही, परत सांग — सगळं घातलं. मामाला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"नको उकरूस. तिने बजावलं होतं —"

"काय बजावलं होतं?"

"काही नाही." चहा अर्धा टाकून उठला.

२२ मार्च, शनिवार

पहारेकरी दुकानात आला. चष्मा करायचाय म्हणाला. खुर्चीत बसवलं, समोरची अक्षरं वाचायला लावली. तीन ओळी वाचल्या आणि थांबला.

"उद्या तू आजीची बाजू मांडणार म्हणे. मामा सांगत होता."

"हो."

"मग तुला माहीत हवं. तुझी आजी त्या दिवशी कारखान्यात आलीच नव्हती."

माझ्या हातात भिंग होतं. ते खाली ठेवलं.

"तुला ताप होता. ती तुला मांडीवर घेऊन घरी बसलेली. तिच्या जागी मुकादम म्हणून तुझी आई वर गेली, चावी घेऊन. आजीचा दिवस बुडू नये म्हणून हजेरी मी लावली. वरचा जिना वेगळा होता, खालच्यांना काय कळणार? आग विझल्यावर पहिला वर गेलो तो मीच. तुझी आई दाराशीच होती. चावी मुठीत. धुरात कुलूप सापडलं नसेल."

मी म्हटलं, "पुढे?"

"मूठ मी सोडवली. चावी आजीला नेऊन दिली. ती रडली नाही. म्हणाली, दहा घरं माझ्या लेकीच्या नावाने खडे फोडतील. त्यापेक्षा माझ्या नावाने फोडू देत. पोरगी आईविना वाढणारच आहे, निदान आईला शिव्या ऐकत वाढायला नको. मला म्हणाली, तू काही पाहिलं नाहीस. ती असेपर्यंत मी शब्द पाळला."

"मामाला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग उद्या मी काय करू?"

"ते मी काय सांगणार? मी दारावर बसणारा माणूस."

चष्मा न करताच गेला. मी दुकान बंद होईपर्यंत त्याच खुर्चीत बसून होते.

२३ मार्च, रविवार

फलकावर आईचं नाव सातवं आहे. माइकसमोर उभी राहिले. चारही पानं पर्समध्येच ठेवली. म्हणाले — माझी आई बटणं लावायची. त्या दिवशी दाराला कुलूप होतं, आणि चावी माझ्या आजीकडे होती.

शाळेतल्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. मी घेऊ दिलं.