स्फोटाआधीचा दीड सेकंद

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ. टिटवाळा

मारधाडीच्या सिनेमाच्या ट्रेलरचं आवाजाचं काम संपवलं. स्फोटाआधी दीड सेकंद मी सगळे आवाज काढून टाकतो. थिएटरात लोक तेवढा वेळ श्वास रोखून धरतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आज त्या दीड सेकंदात बारीक शिटी ऐकू आली. फाईल तपासली, तिथे काहीच नाही. हेडफोन बदलले, फ्रिज बंद केला, शेवटी मेन स्विच पाडला. या नव्या बिल्डिंगमध्ये आमच्या मजल्यावर दुसरं कोणी राहत नाही, तरी जिन्यात जाऊन उभा राहिलो. शिटी तिथेही.

सुमन मेणबत्ती घेऊन मागे आली. "अहो, अंधार करून काय शोधताय?"

"ही शिटी कुठून येतेय गं?"

ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली. "कसली शिटी? मला काहीच ऐकू येत नाही."

मी दोन्ही कान हातांनी घट्ट दाबले. शिटी आणखी जवळ आली.

कधीपासून असेल ही?

ट्रेलर आजच द्यायचा होता. दिवे लावले, सुमनला हेडफोन घातले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. दीड सेकंद आला. तिने श्वास रोखला.

मग फाईल पाठवली.