गुलामांची जोडी

आई, तुझ्या मुलाने मला पत्त्यांचा एक नवा डाव शिकवला. एवढंच ऐकून तुला आनंद झाला असता, म्हणून आधीच सांगते की या डावात समोर कोणी बसत नाही. एक काच असते. काचेवर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, टाकलेल्यांच्या जागी एकदाच नवी येतात आणि डाव संपतो. निदान गुलामांची जोडी जमली तर लावलेलं परत मिळतं, त्याहून बरं काही जमलं तर जास्त. पिसणं नाही, वाटणं नाही, कोणी कोणाला डोळा मारत नाही. पाहूनच शिसारी आली होती मला, आणि तरी मी तो शिकले.

तुझ्या सुनेचा मला ड्रेस्डेनला फोन आला होता. "ताई, तुम्ही एकदा याच. तुमचा भाऊ दर रविवारी चक्कर मारून येतो म्हणून जातो. वोल्फ्सबुर्गमध्ये रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी मागोमाग गेले तर स्टेशनच्या मागच्या श्पीलहालेत शिरताना दिसला." श्पीलहाले म्हणजे जुगाराच्या मशीनची दुकानं. जर्मनीत प्रत्येक गावात असतात, काचांना आतून रंगीत कागद लावलेली, बाहेरून काही दिसू नये म्हणून. मी त्यांच्यासमोरून इतकी वर्षं जाते-येते, कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. मी रजा टाकली आणि गाडी पकडली.

मला वाटलं होतं तो ओशाळेल. कसला ओशाळतोय! जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून मला सरावाचं अ‍ॅप दाखवायला लागला. "ताई, हा जुगार नाही. फळांची चित्रं फिरतात ना, तो जुगार. हे गेनाऊ, अगदी नेमकं गणित आहे. प्रत्येक हाताला एकच बरोबर उत्तर असतं." व्हिडिओ कॉलवर दोन शब्दांपलीकडे न बोलणारा हा माणूस, त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत बोलत होता. "समज, तिर्रीची जोडी आली आणि सोबत एक्का. नवशिका काय करतो?" मी म्हणाले, तिन्ही ठेवेल. "तिथेच चुकतो! एक्का टाकायचा. कितीही जीवावर आलं तरी टाकायचा. आणि हातात काहीच नसेल तर पाचच्या पाच टाकायची, उगाच आशेने एखादं धरून बसायचं नाही." मी विचारलं, असं खेळलं की जिंकतोस का? तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे, जिंकणं असं नाही. कमी हरतो. एकही चूक केली नाही तर फार हळूहळू हरतो." हे म्हणताना तो हसत नव्हता. मोटारींचे ब्रेक तपासतो तो, कारखान्यात त्याच्या शब्दाला मान आहे, आणि हळूहळू हरायची कला आपल्याला साधली याचा त्याला अभिमान वाटत होता.

मला तुझं मिरजेचं स्वयंपाकघर दिसत होतं. दुपारी ओटा पुसून झाला की तू फरशीवर चटई टाकतेस, शेजारच्या काकू येतात आणि मेंढीकोट सुरू होतो. तुझा जोडीदार नेहमी हाच, कारण तुझ्या भुवया त्याला वाचता येतात. एकदा शेवटची दश्शी काकूंनी नेली म्हणून त्याने पानं भिरकावली होती. एक तुझ्या आमटीच्या पातेल्यात पडलं. तू आवाज चढवला नाहीस. "उचल. पूस. आणि पिस. हरलेल्यानेच पिसायचं असतं." मग काकूंकडे बोट दाखवून म्हणालीस, "आणि पानांवर काय रागावतोस? पानं मुकी असतात. ती बाई बघ, ती खेळते आहे." तो मुसमुसत पिसत राहिला आणि काकूंनी पदराआड हसू दाबलं. त्या काकू तुझ्या शेवटच्या आजारात रोज उशाशी बसत होत्या. पत्त्यांनीच जोडलेलं माणूस होतं ते.

तुझी नात तू पाहिली नाहीस. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. त्या दिवशी ती बापाच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि सहज म्हणाली, "पार बेहाल्टन, रेस्ट वेक." जोडी ठेव, बाकीचं टाक. उत्तर बरोबर होतं. तो खूश होऊन म्हणाला, "झूपर!" तुझी सून ताट उचलून आत गेली. मी पोरीला विचारलं, हे कोणी शिकवलं? "पापा यूब्ट डॉख इमर." पप्पा सारखा सराव करतो ना. पियानोचा करावा तसा. मी कपाटातून तो पत्त्यांचा कॅट काढला, जर्मनीला निघताना तू त्याच्या बॅगेत घातलेला, "कुठेही गेलास तरी तीन माणसं मिळतीलच" असं म्हणून. वेष्टनही फोडलेलं नव्हतं. मी पोरीला बदाम सात मांडून दाखवायला लागले. तिने पानं उलटीपालटी केली आणि तिच्या जर्मनमध्ये विचारलं, "आणि दाबायचं कुठे?" त्याने ऐकलं. मान खाली घातली.

रविवारी मी त्याच्यासोबतच गेले. ज्याला शिव्या द्यायच्या, त्याला निदान बघून द्याव्यात. दारात आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र तपासलं, फुकट कॉफी दिली, सगळे अदबीने बोलत होते. आत दिवस की रात्र कळत नव्हतं. गालिच्याला जुन्या धुराचा आणि ओल्या कोटांचा वास. काचेवर आधीच्या माणसांच्या बोटांचे तेलकट डाग, आणि मी त्याच डागांवर बोट ठेवत होते. शेजारी एक आजी अंगातला कोट न काढता खेळत होत्या. माझं कोपर लागलं तरी त्यांनी वर पाहिलं नाही. मी एक्का टाकला, तिर्री ठेवली. घाई करू नकोस, लोभ धरू नकोस, आधी सगळी पानं नीट बघ, हे सगळं तू शिकवलेलं. ते सगळं त्या काचेपुढेही लागू पडत होतं. हीच मला सगळ्यात किळसवाणी गोष्ट वाटली, आई. मूर्खाला लुबाडणारं यंत्र मला समजलं असतं. हे शहाण्याचा शहाणपणाही चवीने खातं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "चल माझ्याबरोबर." त्याच श्पीलहालेच्या काउंटरवरच्या बाईकडे त्याने स्वतःवर श्पेर मागितली, म्हणजे यापुढे कुठल्याच श्पीलहालेत त्याला प्रवेश नाही. बाईने विचारलं, किती काळासाठी? तो म्हणाला, "कायमची." तिने मान डोलावली आणि सवयीने कॉफी विचारली. बाहेर आल्यावर कालव्याच्या कठड्याला टेकून त्याने विचारलं, "ताई, आता रविवारी मी काय करू?" आता तो एका सल्ला केंद्रात जातो. तिथेही फारसं बोलत नाही म्हणे. अ‍ॅप काढून टाकलं म्हणून पोरगी रुसली होती. तुझ्या सुनेचा अजून विश्वास बसलेला नाही, आणि तिने तो इतक्यात ठेवावा असं मीही तिला सांगितलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. कारण तुझी सून सगळ्यांना सांगते की ताईंनी त्याला तिथून उठवून आणलं, आणि मी गप्प बसते. आई, त्या रविवारी आधी तो उठला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, पुरे, चल." मी काचेवरची नजर न काढता म्हणाले, "थांब रे, एकच डाव."