नरकासुराची बिस्किटं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कोमल हो म्हणाली! सेजल दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे! मे महिन्यात कोमल माझ्या तोंडाला कंटाळून लेकीला घेऊन डिचोलीला माहेरी गेली, तेव्हापासून पोर या घरात झोपलेली नाही.

अट एकच. "ओरडायचं नाही. एकदा जरी ओरडलात तर त्याच दिवशी येऊन नेईन तिला."

नाही ओरडणार! तोंडाला कुलूप!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आली सेजल. बॅग घेऊन दारातच उभी, पाहुणी आल्यासारखी. "बाबा, पाणी घेऊ?" म्हणून विचारते! स्वतःच्या घरात! जीव तुटला माझा.

काय करू, काय करू — शेवटी सुचलं. रविवारी वाड्यावरच्या पोरांची अंगणात पार्टी! नरकासुराची बिस्किटं, चतुर्दशीला पहाटे जाळतात त्या पुतळ्याच्या तोंडासारखी!

"शिंगंवाली?" तिने विचारलं.

शिंगं, दात, जीभ — सगळं! बाबाला चहापलीकडे काही येत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मोपाला विमानतळावर टॅक्सी लावून भाड्याची वाट बघताना मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. मैदा, लोणी, पिठीसाखर, कोको. एवढंच? हात्तिच्या!

संध्याकाळी कढईवर झाकण ठेवून पहिला घाणा. कोळसा! कुंपणापलीकडून शेवंतीकाकी — "मेल्या गौरेश, नरकासुर आजच जाळलंस काय रे?"

असा संताप आला! पण गिळला. कारण सेजल हसली. आल्यापासून पहिल्यांदा! काकी, रोज बोला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मिंगेल पदेराची पावाची भट्टी! हे आधीच का सुचलं नाही? "पाव काडले काय यो," म्हणाला, "तेन्ना उजो मोव आसता." मंद आचेच्या, निवत्या भट्टीत आमची बिस्किटं काय फुलली!

तोंडं रंगवली सेजलने. काजूचे दात, जॅमची जीभ, चॉकलेटच्या गोळ्यांचे डोळे. एक नरकासुर तिरळा झाला, तर म्हणे हाच सगळ्यांत बेस्ट. बडबड, बडबड! कान किटले माझे. किटू देत!

१९ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

पोरं आली, आरडाओरडा, धमाल. ताटल्या फिरल्या. काकीच्या नातवाने, योगेशने, तिरळा उचलला. खाईल म्हटलं. तर पठ्ठ्याने तो तुळशीपुढे जमिनीवर ठेवला आणि चतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडतात तसा डाव्या पायाच्या अंगठ्याने — कच्चकन! "गोविंदा!"

झालं! सगळी रांगेत. कच्च! गोविंदा! कच्च! गोविंदा! दोन दिवसांची मेहनत मातीत!

आणि मी ओरडलो. "कोण रे तो!" असा, की काकीचा कुत्रा टॅक्सीखाली शिरला.

सेजल पांढरीफटक. संपलं सगळं, वाटलं. आता हिला न्यायला येणार कोमल.

तेवढ्यात योगेश किंचाळला — "नरकासुर इलो रे!"

सगळी फौज माझ्यावर! पळालो, दुसरं काय करणार? माडाला वळसा, टॅक्सीला वळसा. "खातो एकेकाला!" म्हणून पुन्हा गरजलो — पण या वेळी खोटंखोटं. सेजल बघत राहिली. माझ्या तोंडाकडेच बघत होती. मग तिने ताटली खाली ठेवली आणि सुटली. सगळ्यांच्या पुढे तीच! मला पाडलं, पोटावर डावा पाय दिला आणि घसा फोडून ओरडली — "गोविंदा!"

काय सांगू! जिवात जीव आला. जीभ बाहेर काढून मेलो. उरलेली बिस्किटं मग पोरांनी खाल्ली, माझ्याभोवती बसून.

पण ओरडलो तो ओरडलोच. आत्ता सेजल आईशी फोनवर आहे, दार लावून.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे कोमलचा फोन.

"ओरडलात म्हणे."

हो, म्हटलं.

"आणि मेलात म्हणे." तिला हसू आवरेना. "दिवाळीचे पोहे किती जणांचे भिजवलेत?"

दोघांचे, म्हटलं.

"तिघांचे भिजवा. पहिल्या बसने येतेय मी. राहायला."