कामगाराला राग आलाय

ताल्मिन्स्क
९ फेब्रुवारी १९८९

प्रिय रिम्मा,

तुझं पत्र पोचलं. गेर्मानचा रक्तदाब उतरला हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. साबण मिळेनासा झालाय, भाषणं मात्र मुबलक. काल रांगेत तुमची जुनी शेजारीण लुस्या भेटली. "रिम्मा माझ्यावर का रुसलीय हो? दोन वर्षं नववर्षाची कार्डं पाठवतेय, उत्तर नाही." मी म्हटलं, "टपालाचा घोळ असेल." घोळ टपालाचा नाही, हे मला ठाऊक आहे.

गेर्मान निवडणुकीला उभा राहतोय, ही बातमी त्रुनोवच्या चांगलीच जिव्हारी लागलीय. या दोघांचं भांडण नेमकं कशाचं, हे परक्याला समजावणं कठीण. दोघांच्या भिंतीवर सरचिटणीसांचा एकच फोटो, दोघांच्या तोंडी एकच शब्द: पेरेस्त्रोइका, पुनर्रचना. फक्त त्रुनोवला ती लोकांना चमच्याने पाजायची होती, गेर्मानला बादलीने. चमचेवाला पक्षाच्या शहर समितीचा पहिला सचिव, बादलीवाला त्याच्या हाताखाली. त्यात तुझा नवरा सरकारी गाडी सोडून ट्रामने कामाला जायचा, आणि बड्या लोकांची खास दुकानं बंद करा म्हणून भाषणं ठोकायचा. ट्राममध्ये लोक उठून त्याला जागा द्यायला लागले. त्रुनोवला झोंबलं ते हे.

आमच्या वर्तमानपत्राची एक रीत आहे. कुणाला खाली ओढायचं असलं की अग्रलेख येत नाही, कामगाराचं पत्र येतं. सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात संपादकांनी मला बोलावलं.

"ग्लेब, एका कामगाराला राग आलाय. उद्या सकाळी हवा."

"कुठल्या कामगाराला?"

"ते युनियनवाले शोधतायत. तू राग लिहून ठेव."

सापडली ती क्लावदिया पिमेनोवा, कारखान्यात क्रेन चालवणारी. जेवणाच्या सुट्टीत तिने सही केली. "मी काय म्हटलंय यात?" एवढंच तिने विचारलं म्हणे.

म्हटलं मी होतं, रिम्मा. शब्दन् शब्द माझा.

ती पिशवी आठव. ऑपरेशननंतर आईला काही गिळवत नव्हतं, तेव्हा गेर्मान आयुष्यात एकदाच त्या खास दुकानाची पायरी चढला. कुट्टू, कोंबडी आणि फिनलंडचं चीज घेऊन आला, आणि चोरी केल्यासारखा दारात उभा राहिला. आईने चार घास खाल्ले. चीज मी संपवलं. ही गोष्ट आपल्या जेवणाच्या टेबलावरून त्या पत्रात गेली ती माझ्या लेखणीतून. लुस्याच्या भिंतीला कान नव्हते; तू उगाच तिच्याशी बोलणं टाकलंस, आणि मी तुला टाकू दिलं.

समितीच्या सभेत पत्र वाचलं गेलं. त्रुनोवने विचारलं, "साथी, पिशवी घेतलीत की नाही?" गेर्मान म्हणाला, "घेतली." कुणासाठी, ते बोलला नाही. आजारी सासूच्या मागे लपणं त्याला जमलं नसतं. मी वार्ताहरांच्या बाकावर बसून टिपणं घेत होतो. महिन्याभरात तुमची रवानगी कोस्तिरेवोच्या वीटकारखान्यात झाली, आणि मला दर शनिवारी विनोदाचं अर्धं पान मिळालं.

पण अर्ध्या पानासाठी केलं म्हणालो तर तेही खोटं होईल. स्वतःच्या वाढदिवसाला गेर्मान सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता, "आमचा ग्लेब चिमटे छान काढतो, पण फक्त शिपायांना आणि नळदुरुस्तीवाल्यांना." तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. मग एकदा मोठ्या माणसाला चिमटा काढून दाखवला.

आईचं तुला कधी सांगितलं नाही. तिने ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ही बाई फार छान लिहिते रे. अगदी तुझ्यासारखी." त्यानंतर दोन महिने ती जगली. मी दररोज जात होतो. माझ्या हातून ती सूपही प्यायली नाही. म्हणायची, "ठेव तिथे, रिम्मा आली की पाजेल." तुला वाटायचं, लेकीची ओढ.

आता ऐक. शनिवारी निवड सभा आहे. मतपत्रिकेवर कुणाचं नाव जायचं ते तिथेच ठरेल. काल संपादकांनी पुन्हा हाक मारली. या वेळी राग वीटकारखान्यातल्या कामगाराला आलाय. पिशवी पुन्हा निघणार, आणि गेर्मान पुन्हा "घेतली" म्हणून खाली बसणार. मी संपादकांना नाही म्हणालो नाही. "बघतो," म्हणालो. एवढीच माझी हिंमत.

म्हणून हे पत्र. मी सभेला येणार आहे, बोलण्यासाठी नावही दिलंय. पण मी मला ओळखतो. ऐन वेळी मला खोकला येऊ शकतो, माझी बस चुकू शकते. तसं झालं तर माझी वाट बघू नकोस. हे पत्र माईकवर वाच, आईचा परिच्छेदसुद्धा. गेर्मान नको म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. आणि त्याआधी लुस्याला दोन ओळी लिही.

"तुझा भाऊ" असं लिहायची हाताला सवय आहे. ते ठेवायचं की खोडायचं, तू ठरव.

ग्लेब