लाल कंपनी की निळी कंपनी

कुंभकोणम
२ मे १९५५, सोमवार

लंडनहून जावयाचं पत्र. मंगलाचे दिवस जुलैच्या मध्यावर भरतात. तिथे घरचं माणूस कोणी नाही, पोरगी घाबरली आहे. सत्यनारायण लिहितो, 'जुलै लागताच सासूबाईंना पाठवा. टूरिस्ट क्लासचं एक तिकीट मी काढतो. कोणत्या कंपनीचं विमान सोयीचं, ते तुम्ही ठरवून कळवा.'

'सासूबाई' हे अर्थातच लिहायची पद्धत म्हणून. वेदवती आजवर तिरुचीच्या पुढे गेलेली नाही. इंग्रजी शून्य. बाळंतपण काय, इस्पितळात डॉक्टर करतात. तिथे लागतो चार माणसांत बोलू शकणारा वडीलधारा. तिकीट एक, म्हणजे मीच. तिला अजून बोललो नाही. उगाच हिरमुसेल.

संकल्प: आठ दिवसांत कंपनी नक्की. उद्या पासपोर्टचा अर्ज.

५ मे, गुरुवार

मेव्हण्याने मद्रासहून पत्रकं पाठवली. हा वासुदेवराव, हिचा धाकटा भाऊ. बंदरावर कारकून आहे आणि बोटी आपणच हाकतो अशा थाटात वावरतो.

एक पत्रक लाल, एक निळं. लाल कंपनी: मुंबईहून शुक्रवारी, कैरोला विमान बदलायचं. निळी कंपनी: मुंबईहून गुरुवारी, रोमला बदलायचं. भाडं सारखं. मेव्हणा लिहितो, 'कोणतीही घ्या, दोन्ही लंडनलाच जातात.' असल्या माणसांच्या हातात देशाचं बंदर आहे!

मी आडुतुरैला असिस्टंट स्टेशनमास्तर होतो. कनेक्शन म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. स्वतःच्या लग्नाला जाताना मायावरमला माझी गाडी चुकली होती, त्यामुळे अनुभवही आहे.

वेदवतीला दोन्ही पत्रकं दाखवली. चित्रं बघितली आणि विचारलं, मंगलापाशी लवकर कोणती पोचते? बायकांची अक्कल. लवकर पोचणं हा मुद्दाच नव्हे.

पासपोर्ट उद्या.

११ मे, बुधवार

टूरिस्ट क्लासची तालीम केली. पत्रकातल्या चित्रावरून खुर्ची भिंतीला टेकवली, पुढे गुडघ्याला लागेल असा आट्टुकल्ल, म्हणजे हिचा इडलीचं पीठ वाटायचा दगड, आणून ठेवला. सकाळचा फराळ झाल्यावर बसलो. दुपारच्या जेवणापर्यंत उठायचं नाही असा बेत होता. हिला डोसे घालायचे होते म्हणून दगड लवकर द्यावा लागला. तेवढ्यात कमरेत उसण भरली, पण ती दगड हलवताना. बसण्याने नव्हे.

निष्कर्ष: लाल कंपनीच्या चित्रातला माणूस पाय जास्त पसरतो. पण त्याचे पायच लांब असतील. निळ्या चित्रात बाई आहे. तुलना करता येत नाही. दोन्ही कंपन्यांना लिहून विचारतो.

कमरेमुळे पासपोर्ट राहिला.

१९ मे, गुरुवार

पंचांग काढून बसलो. हे काम आधी करायला हवं होतं. पण या गावात विमानाचा आणि पंचांगाचा एकत्र विचार करणारा दुसरा माणूसच नाही.

लाल: शुक्रवारी सकाळी अकराला मुंबई सोडते. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. शिवाय शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, आणि लंडन पश्चिमेला. म्हणजे राहू आणि शूल दोन्ही एकाच तिकिटात. असलं विमान कोणी भल्या माणसाने काढलेलं नाही.

निळी: गुरुवारी दुपारी एक पन्नासला. राहुकाळ दीडला लागतो. वीस मिनिटांसाठी एवढी मोठी कंपनी नासली!

मठातल्या आचार्यांना विचारलं. ते म्हणाले, समुद्र ओलांडणाऱ्याने राहुकाळाची काळजी करावी, म्हणजे बुडालेल्याने छत्री मागावी. लोक हसले. विद्वत्ता म्हणजे हल्ली वात्रटपणा.

निळ्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं: विमान एक वीसला सोडावं. कारण दिलं. दक्षिणेतले हजारो उतारू मिळतील हेही सुचवलं.

२७ मे, शुक्रवार

शेजारची शिवकामी रोज दुपारी आमच्याकडे येते. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. वेदवतीला म्हणे इंग्रजी शिकायची हौस आली. या वयात! आतून आवाज येतो: 'आय ॲम गोइंग टु माय डॉटर.' 'नो मीट, नो फिश, नो एग.' 'गोइंग'चा उच्चार 'कोइंग'. मी ओट्यावरून दुरुस्त केलं, तर शिवकामीने दार लोटून घेतलं.

मला वाटतं, मी गेल्यावर मंगलाला पत्रं लिहिताना मध्ये इंग्रजी पेरायचा विचार असावा. हिची मराठी तरी कुठे धड आहे? पूर्वजांनी इकडे दक्षिणेत आणली तीच जुनी, अजून 'लेंकरूं' आणि 'अवघे' चाललेलं असतं. मी पुण्याचं मासिक घेतो, म्हणून मी सुटलो.

४ जून, शनिवार

मोठा शोध लागला! विमानातल्या अन्नाचं काय, हा प्रश्न मला महिनाभर छळत होता. कोणी शिजवलं, कशात शिजवलं, कोण जाणे. उत्तर: आषाढी एकादशीला उडायचं. खायचंच नाही! एकादशी गुरुवारी येते, निळी कंपनी गुरुवारची. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणजे उपवासही लांबेल. पुण्यही तेवढंच जास्त. हा विचार जगात प्रथम कुंभकोणमला झाला आहे.

हिला सांगितलं. ती म्हणाली, 'अवो, ठरलं तर कळवा. लेंकरूं थांबेल काय?' म्हणजे कौतुकाचा एक शब्द नाही.

मेव्हणा दोन दिवस येऊन गेला. हिला फोटो स्टुडिओत नेलं. मंगलाला आईचा फोटो हवा असेल. मी नेईन म्हटलं. त्यावर दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आभार मानायची या घराण्यात रीत नाही.

८ जून, बुधवार

निळ्या कंपनीचं उत्तर. वेळेबद्दल अक्षर नाही. तेच निळं पत्रक पुन्हा पाठवलंय. उद्धट लोक.

आणि दुसऱ्या पंचांगात एकादशी शुक्रवारी निघाली. म्हणजे लाल कंपनीचा पुन्हा विचार करणं आलं. माणसाने किती बाजूंनी लढावं!

१३ जून, सोमवार

वेदवतीचा दंड सुजलाय. ताप होता. म्हणाली, शिवकामीबरोबर इस्पितळात गेले होते, देवी टोचून घेतल्या. गावात साथ नाही, काही नाही, हौस. मी माझं टोचणं कंपनी ठरल्यावर करणार. दंड आधी सुजवून उपयोग काय?

सामान मात्र हौसेने बांधते आहे. डिंकाचे लाडू, सुंठ, मेतकूट, स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, एक कुंची. पितळी कूज्यात, म्हणजे प्रवासाच्या तांब्यात, कावेरीचं पाणी भरून तोंड लाखेने बंद केलं, बाळाच्या ओठाला लावायला. स्टेशनवरच्या काट्यावर मीच वजन केलं. कंपनीच्या हिशेबात अगदी बरोबर बसलं, तिळाचीही जागा नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं की माझं एकही धोतर त्यात नाही. ही अशी. नवऱ्याचे कपडे विसरते आणि कुंची आठवते.

२० जून, सोमवार

खंडग्रास सूर्यग्रहण. मोठं. सकाळी महामहम तळ्यावर ही गर्दी. गर्भारशीने ग्रहणात बाहेर पडू नये, काही चिरू-कापू नये, हे मंगलाला कळवायचं सगळे विसरले! मला काल संध्याकाळी आठवलं. तातडीची तार केली. उत्तर आत्ता आलं: 'ग्रहण इथे दिसत नाही. आई कधी निघते?'

पोस्टातल्या तारवाल्याने वाचून दाखवलं आणि हसला. 'आई' ही तारेतली चूक असणार. तारेत अक्षरं कमी-जास्त होतात.

आजपासून सात दिवस. मग निर्णय. पासपोर्टचं मद्रासला गेल्यावर समक्षच बघतो. कागदी घोडे नाचवण्यापेक्षा समक्ष बरं.

२६ जून, रविवार

मेव्हणा तिकीट घेऊन आला. लाल कंपनी! शुक्रवार, अकरा वाजता, राहुकाळ, शूल, कैरो. मी पत्रक त्याच्यापुढे आपटलं. तो म्हणाला, 'भावजी, दोन महिने वाट पाहिली. निळ्या कंपनीच्या जागा भरल्या.'

तिकिटावर नाव: मिसेस वेदवती. म्हटलं, बंदरावरच्या कारकुनाने काढलेल्या तिकिटात चूक नसती तरच नवल. उद्या दुरुस्त करून घेऊ. तो म्हणाला, चूक नाही. पासपोर्ट दाखवला. त्यात हिचा फोटो. डोक्यावरून पदर, नाकात मुगवट, आणि फोटोग्राफरकडे असं बघते आहे की त्याचंच काही चुकलं असावं.

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही? ही म्हणाली, 'मंगला पहिल्या दिसापासून मजच बोलावते आहे. तुम्हीच पत्र वाचून दाखवलंत.'

खरं आहे. मीच वाचून दाखवलं होतं. मोठ्याने.

२८ जून, मंगळवार

गाडी गेली. मेव्हणा मुंबईपर्यंत सोबत आहे, पुढे एकटी. निघताना पाया पडली. म्हणाली, भात उतरवताना फडकं घ्या, परवाचं दही संपवा. फलाटावर शिवकामी रडत होती. मी नाही रडलो, मी सिग्नल बघत होतो.

एकंदर मीच हिला पुढे पाठवलं हे योग्यच झालं. रस्ता कसा आहे ते आधी कळतं. मी मागाहून नीट कंपनी बघून जाईन.

१ जुलै, शुक्रवार

सकाळी साडेदहाला राहुकाळ लागला. अकराला ते विमान उडालं असणार. मी देवापुढे बसलो तो बारा वाजेपर्यंत उठलो नाही. मांडी घालून. कमरेचं भान नव्हतं.

भीती वाटली. लिहून ठेवतो, ही वही कोणी वाचत नाही. कैरोला ही कुठे वळणार? मी मायावरमला चुकलो होतो, आणि तिथे तर सगळे ओळखीचे होते.

एकादशी काल की आज, यावर अजून वाद चालू आहे. मी दोन्ही दिवस जेवलो नाही. स्वयंपाक येत नाही हे त्याचं कारण नव्हे.

९ जुलै, शनिवार

तार. 'मुलगी झाली. काल. दोघी सुखरूप. आई वेळेत होती.'

दिवस आठवडाभर आधीच भरले म्हणायचे. मी ठरवलेल्या कोणत्याही विमानाने मी अजून मद्रासलासुद्धा पोचलो नसतो. हे उगाच लिहिलं. काल वार शुक्रवार, हे मात्र नोंदवून ठेवतो.

शिवकामीला तार दाखवली. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, 'कैरो?' जणू तिच्या शिकवणीची परीक्षा तिथे होती.

१४ जुलै, गुरुवार

मंगलाचं पत्र. आईने सांगितलं, पोरीने लिहिलं. कैरोला विमानातून उतरल्यावर वेदवती सरळ गणवेशातल्या पहिल्या बाईपुढे उभी राहिली. तिकीट पुढे केलं आणि म्हणाली, 'आय ॲम कोइंग टु माय डॉटर.' त्या बाईने कूजा उचलला, हिचा हात धरला आणि दुसऱ्या विमानात बसवून दिलं. एवढंच. खाल्लं काय? केळी. मागून मागून केळी. इंग्रजांच्या रांगेत सोवळं सांभाळायची ही युक्ती पत्रकात कुठेही नाही.

बाळाच्या ओठाला कावेरीचं पाणी लावलं. नर्स रागावली. ही 'थँक्यू' म्हणाली.

पुढे महत्त्वाचं. बाराव्या दिवशी बारसं. मंगला लिहिते, 'आप्पा, नावं दोन काढली आहेत: विजयलक्ष्मी आणि जयलक्ष्मी. तुम्ही एक निवडा आणि तारेने कळवा.'

बघा! शेवटी माझ्याकडेच यावं लागलं. संकल्प: दोन दिवसांत निर्णय.

१७ जुलै, रविवार

विजयलक्ष्मीत अक्षरं जास्त, हाक मारायला लांब. जयलक्ष्मी सुटसुटीत, पण माझ्या एका आतेबहिणीचं नाव, आणि ती भांडकुदळ होती. जन्मनक्षत्र कुठल्या वेळेने धरायचं, लंडनच्या की कुंभकोणमच्या? आपल्याकडे तेव्हा नक्षत्र बदललेलं असू शकतं. आचार्यांना विचारायला गेलो. त्यांनी मला लांबून बघितलं आणि आत गेले.

तार उद्या.

२१ जुलै, गुरुवार

सकाळी पोस्टात जाऊन तार केली: 'विजयलक्ष्मी'. सर्व बाजूंनी विचार करून.

परत आलो तर दारात तारवाला. ही लंडनची तार, काल संध्याकाळी सुटलेली. 'बारसं पार पडलं. जयलक्ष्मी. आई म्हणते, लेंकरूं थांबेल काय.'

तारेत शब्दाला पैसे पडतात. तरी तिने ते तीन शब्द घालायला लावले.

ओट्यावर बसलो. कॉफी केली होती ती टाकून दिली, फिल्टर मला अजून जमत नाही. दुपारी शिवकामीला विचारलं, ही परत कधी येणार म्हणून काही लिहिलंय का? ती म्हणाली, बाळ बसायला लागल्यावर. मग लाल पत्रक काढलं आणि परतीच्या विमानांचं पान बघितलं. लाल कंपनीचं विमान मुंबईला शुक्रवारीच उतरतं.

शुक्रवार तसा काही वाईट वार नाही.