दुसरा ब्रेक

दि. ४ मार्च

चि. मोजपट्टी हिस,

मामाचे भरपूर आशीर्वाद. खरं तेच लिहितो, कारण खोटं तू आकड्यासकट पकडशील. रविवारी तुझ्या मामाला पोलिसांनी धरलं. दुपारी साडेतीनला, भर उन्हात, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल. आणि गाडी चालवत होती तुझी मामी.

झालं असं. आमच्या रंगारी मित्राने नवं दुकान उघडलं, त्याचं जेवण होतं. मी चार ग्लास घेतले. मग शहाण्यासारखी चावी मामीला दिली. तिला शिकाऊ परवाना मिळून महिना झालाय. मी शिकवायच्या गाडीत माझ्या नेहमीच्या जागी बसलो, शिक्षकाच्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकपाशी. चौकात पोलीस दिसले. ते कुणालाही अडवत नव्हते, बिचारे सावलीत उभे होते. पण पोलीस दिसला की वेग कमी, हे मी एकवीस वर्षं शिकवतोय. पाय आपसूक दाबला गेला. गाडी बरोबर त्यांच्या पुढ्यात बंद पडली. साहेबांनी वाकून काय अडचण आहे ते विचारलं, आणि मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो तेच त्यांना सांगितलं, की काळजी करू नका, गाडी माझ्या ताब्यात आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

कोर्टाचं कोर्ट बघेल. पण परिवहन कार्यालय त्याआधीच आपल्या अधिकारात नव्वद दिवस परवाना निलंबित करणार आहे. म्हणजे माझं ड्रायव्हिंग स्कूल नव्वद दिवस बंद, आणि समोरच्या स्कूलवाल्याची, त्या पांढऱ्या मोज्यांची, चैन. आता तूच बघ. मी ज्या यंत्रात फुंकलो त्यावर तुमच्या प्रयोगशाळेची पट्टी होती. यंत्र चुकीचं आहे, एवढी एक ओळ लिहून दे. साऱ्या गावाला सांगून बसलोय की भाची सोडवणार. तुला साधी सायकल येत नाही, पण एवढं तर येईल.

तुझा परवानाहीन
मामा


दि. ७ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रयोगशाळेत, जिथे हसता येत नाही. दुसऱ्यांदा जिन्यात.

विनंती मान्य करता येत नाही. त्या पट्टीवरची सही माझी आहे. मी ११ फेब्रुवारीला ते यंत्र तपासलं तेव्हा ते बरोबर होतं. तरी शंका नको म्हणून वरिष्ठांना आपलं नातं सांगितलं आणि मी बाजूला झाले. सहकाऱ्याने मद्याचं प्रमाण आधीच मोजून ठेवलेला वायू सोडून यंत्र पुन्हा तपासलं. यंत्र थोडं चुकतं, हे खरं निघालं. शंभरच्या जागी शहाण्णव दाखवतं. म्हणजे त्या दिवशी यंत्राने दाखवलेले तुमचे अठ्ठ्याहत्तर प्रत्यक्षात एक्याऐंशी होते. मर्यादा तीस आहे. अहवाल नियमाप्रमाणे कार्यालयाकडे गेला आहे.

सुनावणीचा अर्ज दहा दिवसांत द्यावा लागतो. अटक १ तारखेची, म्हणजे मुदत ११ पर्यंत. तो जरूर द्या. शिकाऊ माणसाशेजारी बसलेल्या शिक्षकालाच गाडीसाठी जबाबदार धरतात, त्यामुळे फार आशा ठेवू नका. आणि ताब्याबद्दलचं ते वाक्य तिथे पुन्हा म्हणू नका.

सायकल मला येते. थांबवता येत नाही.

माझ्यावरचा लोभ मर्यादेपेक्षा जास्तच असू द्यावा.

तुमची भाची


दि. १७ मार्च

चि. बाळास,

मामीचा गोड पापा. काल सुनावणी झाली. गाडी बायको चालवत होती, असं हे ठासून म्हणाले. अधिकारी बाईंनी मग ब्रेक कुणी दाबला ते विचारलं. झालं, यांना विषयच मिळाला. दुसरा ब्रेक कसा बसवतात, तो पहिल्यापेक्षा कसा चांगला, सगळं कागदावर काढून दाखवलं. बाईंनी तो कागद फाइलला लावला आणि आजपासून नव्वद दिवस दिले.

ह्यांनी तुझा फोटो कपाटावर पालथा घातलाय. पण रोज सकाळी उचलून पुसतात आणि परत पालथा घालतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता एक गुपित. मी पांढऱ्या मोज्यांकडे शिकायला जाते. पहिल्याच दिवशी गाडी एकदाही बंद पडली नाही. महिनाभर मला वाटत होतं की मलाच क्लच जमत नाही. अगं, प्रत्येक वळणावर हेच तो दुसरा ब्रेक दाबत होते.

तुझी
मामी


दि. २० एप्रिल

ती. मामांस,

सा. न. वि. वि. माझ्या पत्राला आज ४४ दिवस झाले. उत्तर नाही. टपाल हरवण्याची शक्यता मी तपासली, ती फार कमी आहे.

मी अहवाल बदलला नसता. आजही बदलणार नाही. पण जिन्यात आता हसू येत नाही, एवढं कळवायचं होतं.

फोटो पालथाच ठेवायचा असेल तर काच खाली घासू नये म्हणून कापड घाला.

भाची


दि. १६ जून

चि. मोजपट्टी हिस,

मामाचे थकबाकीसह आशीर्वाद. कापड घातलं होतं. आता फोटो सुलटा आहे.

काल परवाना परत आला. मामी मे महिन्यात पहिल्याच फटक्यात पास झाली. पांढऱ्या मोज्यांनी तिचा फोटो मोठा करून दारावर लावलाय, बरोबर माझ्या खिडकीसमोर. महिनाभर मी मागच्या सीटवर बसतोय. पायाखालच्या चटईला मी दाबून दाबून भोक पाडलं. परवा उतारावर मी ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडलो, तर ही बया मागे न बघता म्हणते की काळजी करू नका, गाडी माझ्या ताब्यात आहे. मी निमूट पाय वर घेतले आणि मांडी घातली. पुढे काय झालं माहीत नाही. घर आलं तेव्हा तिने हलवून उठवलं.

आता जे तुला सांगायला इतके दिवस लागले ते. ग्लास चार नव्हते, पाच होते. तुझं यंत्र कमी दाखवत होतं, आणि तुझा मामाही. राग तुझ्यावर नव्हताच गं, त्या एक्याऐंशीवर होता. तो खरा होता म्हणून.

सोमवारपासून शाळा सुरू. मामीच्या हुकुमावरून शिकवायच्या गाडीतला दुसरा ब्रेक काढून टाकतोय. पहिली विद्यार्थिनी म्हणून तुझं नाव लिहिलंय. नाही म्हणू नकोस.

तुझा परवानाधारक
मामा


दि. १९ जून

ती. मामांस,

सा. न. वि. वि. सोमवारी सकाळी सातला पोचते. रजा मंजूर झाली आहे.

अटी दोन. यंत्र घेऊन येते आहे, ते आता शंभरला शंभर दाखवतं. गाडी सुरू करण्याआधी रोज तुम्ही त्यात फुंकायचं. आणि दुसरा ब्रेक काढू नका. मामीची गोष्ट वेगळी. मला अजून थांबवता येत नाही.

तुमची
मोजपट्टी