खिडकीतल्या वेलाचा निकाल

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
आजीचे उदंड आशीर्वाद. वि. वि. बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. म्हणजे अक्षर सरळ आणि मजकूर तिरका. माझं युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणे. अंगठा इतका सुजलाय की चपलेने त्याला ओळख दाखवायची सोडली. डॉक्टरांनी गोळी दिलीय, ती मी घेत नाही. हे लिहिताना तुझ्या आईने पेन जरा जोरातच टेकवलं.

तुझ्या आजोबांनी लावलेल्या वेलाची वाळलेली पानं पाठवतेय. रोज सकाळी ते मला याचा काढा आणून द्यायचे. आता माझा मीच उकळते. तुझ्या प्रयोगशाळेत तपास. पान जिंकलं तर गोळी खिडकीबाहेर, हरलं तर पोटात. शब्द दिला.

काल स्वप्नात माझा अंगठा तुझ्या काचेच्या नळीत बसून तरंगत होता. बेट्याला तिथे फार बरं वाटत होतं.

एका पायावर उभी,
तुझी आजी

२० फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. पानांचा अर्क काढला. इथे कुप्यांवर नुसत्या खुणा असतात. कशात काय, ते शेवटपर्यंत मलाही ठाऊक नसतं, म्हणजे मायेने हात झुकत नाही. एका कुपीने युरिक अ‍ॅसिड तयार होणं जवळजवळ थांबवलं. तिच्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवर हलत होता आणि त्यात मला तू जिना उतरताना दिसलीस, कठड्याला हात न लावता.

मग खुणा उघडल्या. ती तुलनेसाठी ठेवलेली तुझी गोळीच होती. तुझं पान नुसत्या पाण्याइतकंच गप्प. पुन्हा करून पाहिलं, तेच. रागाव, पण गोळी घे.

तुझीच,
खारूताई

२८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. आधी रुसले, मग शब्द पाळला. अंगठा माणसात आलाय, चप्पलही बोलायला लागलीय. काढा चालेल का, असं डॉक्टरांना विचारलं. खुशाल घ्या, त्याने काही होत नाही, म्हणाले. मी म्हटलं, नातही तेच म्हणते.

तर आता गोळी त्याच काढ्याच्या घोटाबरोबर घेते. पेल्यातून वाफ वर जाते, खिडकी धुरकट होते, आणि वाटतं, रिकामा पेला परत न्यायला मागे कुणीतरी थांबलंय. मी मुद्दाम सावकाश पिते.

तुझी आई लिहायची थांबून वेलाकडे बघत बसलीय. लिही गं बाई, सही माझीच आहे.

दोन्ही पायांवर उभी,
तुझी आजी